सणाची सजावट आणि शेताचे वेळापत्रक

हाताने केलेली सणाची सजावट स्वस्त पडते, पण एका अटीवर. लागणारे साहित्य त्याच्या हंगामात गोळा करून ठेवलेले असावे लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी आणि भोवतालची गावे कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या काळ्या जमिनीवर वसलेली आहेत. इकडे पुसद, तिकडे उमरखेड अशा या पट्ट्यात सणांचे साहित्य पिढ्यानपिढ्या शेतातून आणि बांधावरून आले. पोळ्याच्या बैलाची दोरी आदल्या हिवाळ्यातल्या अंबाडीची, गणपतीची वस्त्रे गेल्या वर्षी वेचलेल्या कापसाची, दसऱ्याचे तोरण भर पावसाळ्यात लावलेल्या झेंडूचे, भुलाबाईचे मखर नुकत्या कापलेल्या ज्वारीच्या धांड्यांचे. सणाच्या आदल्या दिवशी बाजारात पोचणाऱ्याला हेच सारे विकत घ्यावे लागते, आणि त्या दिवशी भाव चढलेला असतो.

कोणतीही सजावटीची वस्तू घेतली तरी तिच्यात चार गोष्टी असतात: सांगाडा, सांगाड्यावरचे आवरण, दोन्ही धरून ठेवणारी बांधणी आणि वरची चमक. सांगाडा खेड्यात जवळजवळ फुकट मिळतो. बांबूच्या कामट्या, तुराट्या, पऱ्हाट्या, धांडे यांना पैसा लागत नाही, फार तर शेजाऱ्याला विचारावे लागते. आवरणासाठी जुनी लुगडी, साड्या, पुठ्ठे, वर्तमानपत्रे घरातच असतात. बांधणीला सुतळी आणि खळ पुरते. खरा खर्च चमकेचा असतो, म्हणजे बेगड, आरसे, टिकल्या, जर, रंग आणि दिवे यांचा. हा खर्च दरवर्षी नव्याने करायचा की एकदाच चांगला माल घेऊन दहा वर्षे वापरायचा, यावर सजावट महाग की स्वस्त हे ठरते. झूल, तोरण, मुखवटा, लाकडी नंदी या टिकणाऱ्या वस्तूंवर पैसा घालणे परवडते. चार दिवसांत फेकायच्या मखरावर तोच पैसा घातला तर तो वाया जातो.

सगळ्या सजावटीआधी भिंत आणि अंगण येते. सिमेंटची घरे वाढली तरी ओटा, तुळशीवृंदावन, गोठा आणि चुलीभोवतीची जागा अजून अनेक घरांत सारवली जाते. सारवणाला शेतातली काळी माती चालत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच गुणामुळे. भिंतीवर तिचा थर दिला तर आठवड्यात पोपडे निघतात. म्हणून भिंतीला पांढरी किंवा पिवळसर माती आणतात, चाळतात आणि तिच्यात ताजे शेण कालवतात. शेणात न पचलेल्या गवताचे बारीक तंतू असतात. ते मातीला आतून धरून ठेवतात आणि भेगा रोखतात. वरून चुना दिला की भिंत पांढरी होते. चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू दगडासारखा कडक होतो, त्यामुळे एका जाड हातापेक्षा पातळ दोन हात जास्त टिकतात. खाली गेरूचा पट्टा ओढला की भिंतीला काठ येतो.

रांगोळीची पांढरी पूड शिरगोळ्यासारख्या मऊ दगडाची असते. ती जड असते, चिमटीतून सरळ रेषेत पडते आणि वाऱ्याने लगेच उडत नाही. तांदळाच्या पिठाची रांगोळी मुंग्या आणि चिमण्या खातात. हे पुण्य मानणारे घर असेल तर प्रश्न नाही, पण रेघ संध्याकाळपर्यंत टिकत नाही. रंग घरी करता येतात. विटेची चाळलेली पूड तांबडा रंग देते, हळद पिवळा, कोळशाची पूड काळा. मोठ्या आकारांत भरायला लाकडी भुसा रंगाच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवतात. सुतारकाम चालते तिथे भुसा पोत्याने पडलेला असतो.

वर्षातला पहिला मोठा हस्तकलेचा सण पोळा. तो श्रावण अमावास्येला येतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद आणि लोणी लावून शेकतात. पोळ्याच्या दिवशी बैल धुतात, शिंगे घासून रंगवतात, त्यांना बेगड चिकटवतात, अंगावर गेरूचे ठिपके आणि हाताचे ठसे उमटवतात. नवी वेसण, नवा कासरा, मोरकी, कपाळावर मठाठी आणि बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ आणि कवड्यांची माळ, पाठीवर झूल असा हा साज असतो. संध्याकाळी गावाच्या आखरावर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हटली जातात आणि पोळा फुटतो. दारोदार पळसाचे मेढे उभे केले जातात. पळस रानात फुकट असल्यामुळे या सजावटीला दमडीही लागत नाही.

या साजातली सर्वांत कष्टाची वस्तू म्हणजे दोरी, आणि तिचे काम पोळ्याच्या आठ-नऊ महिने आधी सुरू होते. अंबाडी कापसाच्या किंवा ज्वारीच्या शेतात कडेने, ओळीने पेरायची रीत होती. पाला आणि बोंडे घरात खायला जात आणि पक्व झालेली झाडे उपटून, पेंढ्या बांधून नाल्यात किंवा डोहात बुडवून ठेवली जात. साधारण दोन ते तीन आठवड्यांत पाण्यातले जिवाणू सालीतला चिकट भाग खाऊन टाकतात आणि तंतू सुटे होतात. पेंढ्या लवकर काढल्या तर तंतू काडीला चिकटून राहतो, उशिरा काढल्या तर तो कुजून कमजोर होतो. सोललेला तंतू धुऊन, वाळवून घराच्या आढ्याला टांगून ठेवतात. उन्हाळ्यात शेतीची कामे मंदावली की त्याची सुतळी कातायची, तिचे पदर एकमेकांवर पिळून दोरी वळायची. एकेका पदराला एका दिशेने पीळ असतो आणि सगळे पदर एकत्र वळताना उलट्या दिशेने पीळ देतात. दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात, म्हणून दोरी आपोआप उसवत नाही. हे तत्त्व एकदा हातात बसले की तोरणाच्या दोरीपासून पडद्याच्या गोंड्यापर्यंत सगळीकडे कामी येते. नायलॉनची दोरी स्वस्त आणि टिकाऊ असते हे खरे, पण ती गुळगुळीत असल्याने गाठ सरकते आणि बैलाच्या नाकाला व मानेला काचते. शिवाय अंबाडीची सुतळी रंग पिते.

गोंडे लोकरीचे किंवा सुताचे असतात. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर धागा पन्नास-साठ वेळा गुंडाळायचा, एका कडेला आतून दोरा घालून घट्ट बांधायचे, दुसऱ्या कडेला कापायचे आणि मानेशी पुन्हा एक आवळ द्यायचा. फाटलेल्या स्वेटरची उसवलेली लोकर यासाठी उत्तम, कारण तिला आधीच कुरळेपणा आलेला असतो आणि गोंडा भरगच्च दिसतो. झूल जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून गोधडीसारखी शिवतात. काठ वेगळा कापून कडेने लावला तर नवे कापड न आणताही झुलीला किनार मिळते.

रंगाच्या बाबतीत जुन्या आणि नव्या दोन्ही रीतींत जपायला हवे. पूर्वी शिंगांना हिंगूळ लावत. तो पाऱ्याचा विषारी क्षार आहे. आता तेलरंग लावतात. बैल एकमेकांना चाटतात, म्हणून गेरू, हळद आणि चुना अंगावर, आणि शिंगांवर बेगड व कापडी गोंडे एवढ्यावर भागवणे जनावराच्या दृष्टीने बरे. मुलांच्या खेळण्यांनाही हेच लागू आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त नसावे असा नियम 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. पण माळ्यावरच्या जुन्या डब्यात उरलेला रंग त्याआधीचा असू शकतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. नागपूरच्या भोसल्यांच्या काळात ही प्रथा सुरू झाली असे मानले जाते. मुले चाके लावलेले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात. लाकडी नंदी एकदा केला की बापाकडून मुलाकडे जातो. दरवर्षी नवा होतो तो त्याचा साज, त्यामुळे खर्च थोडा राहतो. ज्यांच्याकडे लाकडी नंदी नाही त्यांचे बैल मातीचे. इथे काळ्या मातीचा आकसण्याचा दोष पुन्हा आडवा येतो. निव्वळ काळ्या मातीचा बैल उन्हात ठेवला की पायापासून तडकतो. तिच्यात एक तृतीयांश बारीक रेती आणि मूठभर पिंजलेला कापूस मळला, पायांत तुराटीच्या काड्या घातल्या आणि बैल दोन-तीन दिवस सावलीत ओल्या फडक्याखाली हळू वाळवला तर तो शाबूत राहतो.

महागाव, पुसद, उमरखेड, दिग्रस या भागात बंजारा तांडे मोठ्या संख्येने आहेत. याच समाजातले, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे. श्रावणात तांड्यांवर तीज साजरी होते. अविवाहित मुली बांबूच्या दुरड्यांत माती भरून गहू पेरतात, रोज पाणी घालतात आणि नऊ दिवसांनी हिरवेगार रोप डोक्यावर मिरवतात. सजावट म्हणून पाहिले तर ही सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत ताजी वस्तू: मूठभर गहू, टोपलीभर माती आणि नियमित पाणी. नवरात्रातले घटाचे धानही याच रीतीने उगवते. उजेड कमी मिळाला की कोंब पिवळसर आणि उंच होतात, उजेड मिळाला की बुटके आणि हिरवे, एवढे लक्षात ठेवून जागा निवडता येते.

बंजारा भरतकाम ही या परिसराची खरी श्रीमंत हस्तकला आहे. जाड सुती कापडावर दाट टाके, मध्ये आरसे, कडेने कवड्या, नाणी आणि लोकरीचे गोंडे असा तिचा थाट असतो. फेटिया आणि काचळी या पोशाखात ती दिसते, तशीच पाण्याच्या हंड्याखालच्या चुंबळीवर, पिशव्यांवर आणि तोरणांवरही. आरसा कापडाला चिकटवत नाहीत. त्याच्यावर आधी आडव्या-उभ्या धाग्यांची जाळी टाकतात आणि मग तिच्या कडेने गोल टाके घेऊन आरसा पकडतात. त्यामुळे धुतले तरी आरसा निघत नाही. चिकटवलेल्या आरशांची यंत्रावरची झालर स्वस्त मिळते, पण एका पावसाळ्यात तिचे आरसे गळू लागतात. विरलेल्या पोशाखातले भरतकाम कापून नव्या कापडावर बसवण्याची जुनी पद्धत आहे. कष्टाचे काम वाया न घालवता दाराचे तोरण किंवा उशीचा अभ्रा त्यातून होतो.

भाद्रपदात गणपती आणि महालक्ष्मी येतात. मखराच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत कायद्याने मोठा फरक पडला. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. 1 जुलै 2022 पासून देशभर लागू झालेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बंदीत सजावटीचे थर्माकोलही आहे. थर्माकोल हलका, कापायला सोपा आणि पांढराशुभ्र, म्हणून त्याने पुठ्ठा आणि बांबू मागे टाकले होते. पण तो कुजत नाही, तुटून त्याचे मणी नाल्यात आणि शेतात जातात, आणि पेटला तर वितळत, काळा धूर सोडत जळतो. पुठ्ठ्याचे मखर करताना एक गोष्ट सांभाळायची. खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नागमोडी नळ्या असतात. त्या उभ्या ठेवल्या तर खांब वजन पेलतो, आडव्या ठेवल्या तर कमरेत वाकतो. घडी घालायची असेल तिथे नळ्यांना समांतर दुमडायचे. सुटे होणारे मखर करून घडी घालून ठेवले आणि दरवर्षी फक्त वरचे कापड बदलले तर पाच-सहा वर्षे तेच चालते. जुन्या रेशमी साड्यांच्या निऱ्या करून पाठीमागे सोडल्या की निम्मे काम तिथेच होते.

गणपतीच्या वस्त्रांचा कापूस या जिल्ह्यात विकत आणावा लागू नये. नवा कापूस ऑक्टोबरच्या पुढे वेचणीला येतो, गणपती त्याच्या आधी. म्हणून गेल्या हंगामातला स्वच्छ, लांब धाग्याचा कापूस बाजूला काढून ठेवलेला असतो. सरकी हाताने काढायची, कापूस बोटांनी पिंजून पातळ पट्टी करायची, दुधाचे किंवा पाण्याचे बोट लावत ती वळायची आणि ठरावीक अंतरावर चिमटा देऊन मणी पाडायचे. चिमट्याच्या जागी कुंकवाचा ठिपका दिला की गेजावस्त्र तयार. वातीही याच कापसाच्या, फुलवात असो की समईची लांब वात. अशाच माळा जाड सुतावर ओवून, मध्ये मणी आणि सोनेरी कागद घालून दारासाठी आणि फोटोंसाठी केल्या जातात. त्या धूळ धरतात, त्यामुळे सण झाला की झटकून कागदात गुंडाळून ठेवाव्या लागतात.

विदर्भात ज्येष्ठागौरींना महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. मुखवटे पितळेचे, शाडूचे किंवा साध्या मातीचे आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतात. खालचे धड उभे करण्यासाठी लोखंडी तिपायी, पत्र्याच्या कोठ्या किंवा कापडी कोथळे वापरतात आणि कोथळ्यांत धान्य भरतात. धान्याचे वजन तळाशी राहिल्याने साडी, दागिने आणि मुखवट्याचा भार वर आला तरी मूर्ती कलंडत नाही. सण संपला की धान्य स्वयंपाकघरात परत जाते. वर टांगलेला फुलोरा तर खाण्याच्याच वस्तूंचा: करंज्या, पापड्या, वेण्या, फण्या, तळून दोऱ्यांनी लाकडी किंवा बांबूच्या चौकटीला बांधलेल्या. ही छतावरची झालर प्रसादात संपते. तळणीचे पीठ घट्ट भिजवले आणि दोऱ्याचे छिद्र तळण्याआधी पाडले तरच फुलोरा तीन दिवस न तुटता लटकतो. तळल्यावर छिद्र पाडू पाहणाऱ्याच्या हाती तुकडे येतात.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाई असते. भुलोजी आणि भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती कुंभाराकडून येतात आणि कोजागिरीला त्यांच्यावर ज्वारीच्या पाच धांड्यांचे मखर उभारतात. खरीप ज्वारी त्या सुमारास कापणीला आलेली असते. धांड्याचा गाभा मऊ आणि साल चिवट असते, म्हणून ओल्या धांड्याला चाकूने अर्धवट छेद देऊन तो वाकवला तरी तुटत नाही. वाळलेला धांडा काडकन मोडतो. सोयाबीन वाढले तशी या पट्ट्यात खरीप ज्वारी कमी झाली, त्यामुळे पाच धांड्यांसाठीही आता ज्वारी पेरलेले शेत शोधावे लागते.

दसरा-दिवाळीच्या झेंडूचे गणित सरळ आहे. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुले भरात येतात. जुलैच्या शेवटी ते ऑगस्टच्या सुरुवातीला रोपे लावली तर दसऱ्याला फुले मिळतात आणि तोडणी चालू राहिली तर दिवाळीलाही. गावठी झेंडूच्या वाळलेल्या तोरणातूनच पुढच्या वर्षीचे बी निघते. फूल कुस्करून काळे टोक असलेल्या बिया वेगळ्या करायच्या, राखेत घोळवून बाटलीत ठेवायच्या. अंगणातल्या पंधरा-वीस रोपांत एका घराची तोरणे होतात. ओवताना सुई देठातून वर काढावी. पाकळ्यांमधून आडवी ओवली तर फूल दुसऱ्या दिवशी गळते. आंब्याचे पान मध्ये घातले की फुले कमी लागतात, आणि पान आठवडाभर टिकते.

दिवाळीचा आकाशकंदील ही या सगळ्यांत कौशल्याची वस्तू आहे, आणि जरा समजून घेतली तर कोणालाही जमणारी. नेहमीच्या कंदिलाचा सांगाडा सारख्या लांबीच्या 24 काड्यांचा होतो. चार-चार काड्या बांधून आधी 6 चौकोन करायचे. त्यांतले चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून, बाजूचे कोपरे एकमेकांना बांधत त्यांचे कडे करायचे. वर आलेले चार कोपरे पाचव्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना आणि खालचे चार सहाव्याच्या कोपऱ्यांना बांधायचे. एकूण 12 गाठी पडतात आणि मध्ये आपोआप 8 त्रिकोण तयार होतात. सगळ्या काड्या सारख्या असल्या तर सांगाडा स्वतःच सरळ होतो, एखादी बोटभर लांब असली तरी सगळा कंदील पिळवटतो. म्हणून काड्या कापताना दर वेळी नव्याने मोजायचे नाही, पहिलीच काडी माप म्हणून धरायची. काडी 20 सेंटिमीटर असेल तर कंदील सुमारे 28 सेंटिमीटर उंच होतो, म्हणजे काडीच्या जवळजवळ दीडपट. चार बाजूच्या चौकोनांना एका रंगाचा पतंगी कागद, आठ त्रिकोणांना दुसऱ्या रंगाचा, वरचा चौकोन उघडा आणि खालच्या कडेला झिरमिळ्या.

बांबू ओला असताना सरळ फाटतो, वाळलेला असेल तर रात्रभर पाण्यात ठेवायचा. कामटीची हिरवी साल बाहेरच्या बाजूला ठेवायची, कारण ताण सालच सोसते. बांबूत पिष्ट असते आणि त्यावर भुंगेरे जगतात. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला आणि काही दिवस पाण्यात बुडवून ठेवलेला बांबू त्यामुळे जास्त टिकतो. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला, तेव्हापासून शेताच्या बांधावरचा बांबू तोडणे आणि नेणे सोपे झाले. सूप-दुरड्या विणणाऱ्या बुरडांकडे उरलेल्या पातळ कामट्या कंदिलाला अगदी बेताच्या असतात. मोहरममधले कागदी ताबूत बांधणाऱ्यांचे कामही मुळात हेच: कामटीचा सांगाडा, वर कागद आणि बेगड.

चिकटवायला खळ घरी करतात. एक वाटी मैदा किंवा ज्वारीचे पीठ आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचे, मग पाच-सहा वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजवायचे. पांढरे पीठ पारदर्शक दिसू लागले की पिष्टाचे कण फुगून फुटलेले असतात आणि खळ तयार झालेली असते. झुरळे आणि उंदीर कागद खाऊ नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालायची रीत आहे. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे स्वयंपाकाचे भांडे वापरू नये आणि लहान मुलांच्या हाती अशी खळ देऊ नये. त्याऐवजी कडुलिंबाचा पाला उकळलेले पाणी वापरता येते, मात्र त्याचा परिणाम कमी असतो. कागद चिकटवल्यावर त्यावर पाण्याचा हलका शिपका मारला तर वाळताना तो ताणला जातो आणि सुरकुत्या जातात. जुन्या तारेच्या बल्बची उष्णता कागद करपवत असे, पाच वॅटच्या एलईडी दिव्याने तो धोका बराच कमी झाला. तरी जोड उघडे आणि वायर जुनी असेल तर धोका कंदिलाचा नसून वायरचा असतो, आणि तिच्यावर पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

बाजारातला प्लास्टिकचा कंदील आणि घरचा कंदील यांची तुलना करताना एक गोष्ट बहुधा झाकून ठेवली जाते. घरच्या कंदिलाचे साहित्य थोड्या पैशांत होते, पण कामट्या तासणे, बांधणे, कागद लावणे यांत अर्धा दिवस जातो. त्या वेळेची मजुरी धरली तर तो स्वस्त राहत नाही. सारवण, फुलोरा, वस्त्रे, गोधड्या ही कामे मुख्यतः बायकांची, आणि ‘घरी केले म्हणून फुकट’ या हिशेबात त्यांच्याच तासांची किंमत शून्य धरलेली असते. वस्तू विकायची ठरली की हा हिशेब उघडा पडतो. 1975 साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि पुढे ‘उमेद’ या ग्रामीण उपजीविका अभियानाने बांधलेल्या बचत गटांच्या प्रदर्शनांत पणत्या, वाती, तोरणे, गेजावस्त्रे विक्रीला येतात. तिथे टिकतात ते गट साहित्य, मजुरी, वाहतूक आणि न विकल्या गेलेल्या मालाची तूट असे चारही आकडे किमतीत धरतात. साहित्याच्या दुप्पट किंमत लावण्याचा ढोबळ नियम वातीला चालतो, भरतकामाला मुळीच चालत नाही, कारण तिथे साहित्य नाममात्र आणि मजुरीच सारी असते. दिवाळीच्या मालाची तयारी ऑगस्टमध्ये सुरू झाली नाही तर नेमक्या वेचणीच्या दिवसांत हात मोकळे मिळत नाहीत.

संक्रांतीला नव्या सुनेसाठी आणि बाळाच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने करतात. साबुदाणा, तीळ किंवा खसखशीवर साखरेचा पाक थेंबाथेंबाने, मंद आचेवर चढवत काटेरी हलवा करायचा आणि तो काळ्या कापडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या आकारावर दोऱ्याने बसवायचा. यात साखर सोडली तर सगळा भाग संयमाचा आहे. हवा दमट असली की हलवा पाझरतो, त्यामुळे हे काम थंडीतच जमते.

फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा पानगळ झालेले रान केशरी दिसते. ही फुले पाण्यात उकळली की पिवळा-केशरी रंग उतरतो, आणि त्यात चुन्याची किंचित निवळी घातली की तो गडद होतो. होळीत तो अंगावर खेळायला वापरतात. तुरटीच्या पाण्यात आधी भिजवलेल्या सुती कापडावर तो बऱ्यापैकी बसतो, पण उन्हात विटतो, म्हणून पडद्यापेक्षा देवघरातल्या आसनाला बरा. वाळवलेली फुले वर्षभर ठेवता येतात. होळीच्या आधी मुले शेणाच्या चाकोल्या करतात. तळहाताएवढी चपटी गोवरी, मध्ये बोटाने पाडलेले छिद्र, आठ-दहा दिवस कडक ऊन, आणि मग सुतळीत ओवलेली माळ. कोणी चांदणीचे, कोणी सूर्याचे आकार करतो. पौर्णिमेला या माळा होळीवर चढवून जाळतात. त्या ओवायला लागणारी सुतळी पुन्हा अंबाडीचीच असते, आणि फाल्गुनात तिचे नवे तंतू नुकतेच सोलून आढ्याला टांगलेले असतात.